२८६९ सालापर्यंतचा भाडेपट्टा

मीरा रोड किंवा भाईंदर येथे घर घेणारा नोकरदार मनुष्य कायद्याचा अभ्यासक नसतो. तरीही कर्जाच्या निमित्ताने कागदपत्रांची चळत त्याच्यापुढे येते, तेव्हा इंडेंचर, लीज, कन्व्हेयन्स असे शब्द त्यास भेटतात. ही वकिलांची परिभाषा, असे म्हणून तो पान उलटतो. वस्तुतः हे शब्द इंग्लंडमधील मध्ययुगीन जमीनव्यवस्थेतून येथवर आले आहेत, आणि त्यांतील एका शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या कागदावरून या शहरात पिढ्यान्पिढ्या तंटा चालत आला आहे.

जुन्या इंग्रजी कायद्याची थट्टा करणे सोपे आहे. जमीन विकणारा मनुष्य घेणाऱ्यास शेतात नेई आणि शेजाऱ्यांच्या साक्षीने मातीचे ढेकूळ किंवा झाडाची डहाळी त्याच्या हाती देई. एवढे झाले की ताबा दिला गेला. करार लिहावयाचा तर एकाच चर्मपत्रावर त्याच्या दोन प्रती लिहीत आणि मधून दातेरी कापून एकेक प्रत दोन्ही पक्षांस देत. पुढे वाद झाला तर दोन तुकडे जुळवून पाहत. दात दातांत बसले तर कागद खरा. दाताला असलेल्या लॅटिन शब्दावरूनच ‘इंडेंचर’ हे नाव पडले. या विधींत भाबडेपणा दिसतो, पण त्यांमागे दोन पक्की तत्त्वे होती. व्यवहार उघड्यावर व्हावा, हे पहिले. आणि ज्याच्यावर कराराचे ओझे पडते त्याच्या हाती कराराची प्रत असावी, हे दुसरे. मराठी मुलखातील गोतसभेपुढे होणाऱ्या महजराचे मर्म यापेक्षा फारसे निराळे नव्हते.

ही तत्त्वे साष्टी बेटावर कितपत टिकली, हे पाहण्याजोगे आहे. हे बेट इंग्रजांनी १७७४ च्या अखेरीस मराठ्यांकडून जिंकून घेतले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते त्यांच्याकडे कायम राहिले. पुढील शतकात येथील अनेक गावे निरनिराळ्या शर्तींवर धनिकांस देण्यात आली. त्यांपैकीच एक दस्त १८७० सालचा आहे. त्या वर्षी सरकारने भाईंदर, मिरे व घोडबंदर या गावांसंबंधीचा पट्टा रामचंद्र लक्ष्मणजी यांस ९९९ वर्षांच्या मुदतीने करून दिला. खाडीचे खारे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून बांध घालावयाचे व राखावयाचे, आणि त्याच्या मोबदल्यात शेतकऱ्यांकडून पिकाचा हिस्सा घ्यावयाचा, असे त्या व्यवस्थेचे स्वरूप सांगितले जाते. कालांतराने हा हक्क दि इस्टेट इन्व्हेस्टमेंट कंपनीकडे आला. भातशेतीच्या जागी इमारती उभ्या राहू लागल्या, तेव्हा बांधकामास या कंपनीचा ना हरकत दाखला लागतो की नाही, हा वाद महसूल खात्याच्या दप्तरांतून न्यायालयांपर्यंत पोहोचला.

त्या वादात कोणाची बाजू कायद्याने खरी, हे ठरविणे न्यायालयाचे काम होय. अर्थशास्त्राचा प्रश्न त्याहून वेगळा आहे. १८७० च्या व्यवस्थेत देणे आणि घेणे या दोन्ही बाजू होत्या. बांध फुटला तर पीक बुडे. म्हणून बांध राखणाऱ्यास शेतकरी धान्य देई. तो हिस्सा जाचक असेल, पण तो एका सेवेचा मोबदला होता. आज त्या जमिनीवर सात मजली इमारत उभी असेल, तर तेथे कोणते पीक राखावयाचे आहे? सेवा संपली आणि संमतीचा अधिकार तेवढा उरला, तर त्या संमतीसाठी द्यावी लागणारी रक्कम मोबदला राहत नाही. तो निव्वळ खंड होतो. रिकार्डोने खंडाची मीमांसा करताना दाखविले, की जमीनधारकाने बोट न हलविताही त्याचे उत्पन्न वाढू शकते. १९९१ साली पावणेदोन लाखांच्या आसपास असलेली मीरा-भाईंदरची लोकसंख्या २०११ साली आठ लाखांवर गेली. जमिनीचा भाव वाढला तो रेल्वेमुळे, रस्त्यांमुळे आणि येथे येऊन राहिलेल्या माणसांमुळे. त्यात १८७० च्या कागदाचा वाटा काय?

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की करार तो करार. तो गैरसोयीचा झाला म्हणून फाडता येत नाही. हा आक्षेप रास्त आहे. मालमत्तेचा हक्क कायद्याच्या आधारावाचून काढून घेता येत नाही, असे राज्यघटनेचे कलम ३०० अ सांगते. परंतु कारण सरले की नियमही सरतो, हे सूत्र खुद्द जुन्या इंग्रजी कायद्याचेच आहे. शिवाय इंग्रजांनी आपल्या घरी काय केले, हेही पाहिले पाहिजे. तेथे ‘कॉपीहोल्ड’ नावाची पद्धत होती. कुळाचा हक्क जमीनदाराच्या कचेरीतील नोंदवहीच्या नकलेवर अवलंबून असे, आणि जमिनीचा हात बदलला की जमीनदारास रक्कम द्यावी लागे. १९२६ च्या आरंभी ही पद्धत बंद झाली. स्कॉटलंडमध्ये तर घरात फेरफार करावयाचा तरी कित्येकदा ‘वरिष्ठ’ धारकाची संमती विकत घ्यावी लागे. तेथील संसदेने २००० साली कायदा केला आणि २८ नोव्हेंबर २००४ रोजी ती सरंजामी व्यवस्था संपविली. जे वार्षिक देणे होते त्याच्या प्रमाणात एकदाच भरपाई घेण्याची तरतूद ठेवली, आणि प्रकरण मिटविले. करार फाडला नाही. त्याचा हिशेब चुकता केला.

महाराष्ट्राला हा मार्ग अपरिचित नाही. १९४८ चा कूळ कायदा, खोती नष्ट करणारा कायदा, आणि साष्टीतील इस्टेटींची महसूल-माफी रद्द करणारा १९५१ चा कायदा, हे सर्व याच दिशेचे होते. उणीव राहिली ती शेवटपर्यंत न जाण्याची. १९५१ च्या कायद्यानंतर कोणत्या सर्व्हे नंबरावर कोणाचा कोणता हक्क शिल्लक राहिला, याची स्वच्छ यादी गावकऱ्याच्या व रहिवाशाच्या हाती असती, तर अर्धा तंटा उद्भवलाच नसता.

या साऱ्याचा भार शेवटी पडतो तो सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सभासदावर. १९६३ च्या महाराष्ट्र सदनिका कायद्याने जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजेच कन्व्हेयन्स, करून देण्याचे बंधन विकासकावर घातले. ते पाळले जात नाही असे दिसून आल्यावर २००८ पासून मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग खुला करण्यात आला. परंतु ज्या जमिनीवर दुसऱ्याचा वरिष्ठ हक्क सांगितला जातो, तेथे संस्थेस मिळणारी मालकी निर्वेध म्हणावी कशी? आयुष्याची कमाई घरात घातलेल्या शिक्षकास वा कारकुनास ही शंका परवडणारी नाही. इमारत जुनी होऊन पुनर्बांधणीची वेळ येते तेव्हा तर ही शंका रोख रकमेत मोजावी लागते.

तेव्हा शासनाकडून दोन गोष्टींची अपेक्षा करणे वावगे ठरणार नाही. १८७० चा दस्त प्रमाणित मराठी भाषांतरासह प्रसिद्ध व्हावा, आणि सर्व्हे नंबरवार हक्कांची यादी जाहीर व्हावी. जो हक्क कायद्याच्या कसोटीस उतरेल त्याचे मूल्य मूळच्या वार्षिक देण्यावरून ठरवून तो कायमचा विकत घ्यावा. आजच्या बाजारभावावरून नव्हे. जो उतरणार नाही, त्याची नोंद दप्तरातून काढून टाकावी.

१८७० अधिक ९९९ म्हणजे २८६९. जो करार आणखी आठशेहून अधिक वर्षे चालावयाचा, त्याची एक प्रत सरकारच्या कपाटात आणि दुसरी पट्टेदाराच्या. ज्याच्या घराखालच्या जमिनीविषयी तो करार आहे, त्याच्या हाती दातेरी कागदाचा कोणताच तुकडा नाही. जुन्या इंग्रजी कायद्यालाही हे मान्य झाले नसते.