गौरवग्रंथ कोणी काढावा?

लेखकाने साठी ओलांडली की त्याच्या स्नेह्यांना त्याच्या सत्काराची आठवण होते. एकसष्टी हुकली तर पंचाहत्तरी आहे, तीही हुकली तर सहस्रचंद्रदर्शन आहे. मुहूर्त आपल्या समाजाने आधीच ठरवून ठेवले आहेत. समारंभ होतो, शाल व श्रीफळ दिले जाते, मानपत्र वाचले जाते आणि समिती जरा उत्साही असली तर एक गौरवग्रंथही निघतो. ह्या ग्रंथाचे स्वरूपसुद्धा आता ठराविक झाले आहे. आरंभी मंत्रिमहोदयांचे शुभसंदेश, मागोमाग उत्सवमूर्तीची छायाचित्रे, नंतर पाचपन्नास आठवणी आणि शेवटी जाहिराती. त्या आठवणींत सत्कारमूर्तीपेक्षा आठवणी सांगणारेच अधिक ठळक दिसतात. ज्या लेखनासाठी हा सारा खटाटोप चालला आहे, त्यातील एक पानही पुष्कळदा त्या जाडजूड ग्रंथात सापडत नाही.

विद्वानांच्या बाबतीत आपण अधिक शहाणपणाने वागलो, असे म्हणावे लागेल. मालवणात जन्मलेल्या डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना 1917 साली ऐंशी वर्षे पूर्ण झाली, तेव्हा त्यांना जो ग्रंथ अर्पण करण्यात आला तो स्तुतिसुमनांचा नव्हता. नव्या संशोधनपर निबंधांचा होता. चिपळूण परिसराचे सुपुत्र महामहोपाध्याय पां. वा. काणे ह्यांना 1941 साली एकसष्टीनिमित्त मिळालेला ग्रंथही त्याच जातीचा. जर्मन विद्यापीठांतून आलेली ही प्रथा सरळ आहे. गुरूने ज्या क्षेत्रात कष्ट केले, त्याच क्षेत्रात आपण केलेले नवे काम शिष्यांनी आणि सहकाऱ्यांनी त्याच्यापुढे ठेवायचे. मग कवीला कविता आणि कथाकाराला कथा का अर्पण होऊ नये? रवींद्रनाथांच्या सत्तरीनिमित्त 1931 साली रामानंद चॅटर्जी ह्यांनी संपादिलेला गौरवग्रंथ कलकत्त्याहून निघाला. त्यामागे गांधीजी, रोमाँ रोलाँ आणि आइन्स्टाइन ह्यांच्यासारख्यांची नावे होती. विश्वकवीला असे स्नेही लाभावेत ह्यात नवल नाही. प्रश्न आहे तो ज्याच्या भोवती विश्व नाही, फार तर एक शहर आणि त्यातली दहाबारा माणसे आहेत, अशा लेखकाचा.

ह्या संदर्भात आम्हांस इंदूर आठवते. भांडारकरांना तो ग्रंथ मिळाला त्याच 1917 साली इंदुरात गणेश जनार्दन आगाशे ह्यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले होते. पुढे 1935 साली भवानराव पंतप्रतिनिधींच्या अध्यक्षतेखाली तेथे दुसऱ्यांदा संमेलन झाले आणि 2001 साली विजया राजाध्यक्ष ह्यांच्या अध्यक्षतेखाली तिसऱ्यांदा. मुंबईच्या 1926 च्या संमेलनाला अध्यक्ष लाभले ते सरदार माधवराव किबे तर इंदूरचेच. होळकरांच्या राजधानीत मराठी ही पाहुणी नव्हती. ती दरबारात होती, शाळेत होती आणि वाड्यावाड्यांतून बोलली जात होती. त्याच शहरात हिंदीनेही आपले घर बांधले. मध्यभारत हिंदी साहित्य समिती 1910 सालची, तिची ‘वीणा’ 1927 पासूनची. आणि हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद गांधीजींनी 1918 व 1935 अशा दोन्ही वेळी इंदुरातच भूषविले. 1935 हे एकच वर्ष पाहिले तरी दोन भाषांची दोन संमेलने ह्या एका नगरीत भरली होती.

तथापि संमेलनाचा मंडप चार दिवसांचा असतो. संस्थान 1948 साली विलीन झाले, राजाश्रय गेला, आणि मराठीचे प्रकाशक तर पूर्वीपासूनच मुंबई-पुण्याचे. माळव्यात राहून मराठी लिहिणाऱ्याला प्रकाशक दूर, समीक्षक त्याहून दूर आणि पाठ्यपुस्तकाचे दार बंद. त्याच्या कविता दिवाळी अंकांत विखुरतात आणि वह्या कपाटात राहतात. नातवंडे हिंदी-इंग्रजीत शिकतात. आजोबांच्या अक्षरांतली मराठी त्यांना वाचता येतेच असे नाही. अशा ठिकाणी लेखकाचे साहित्य जगवायचे असेल तर ते स्नेह्यांनीच जगवायला हवे, कारण दुसरे कोणी ते करणार नाही. येथे गौरवग्रंथ हा हौसेचा विषय उरत नाही.

ह्याचे सर्वांत मोठे उदाहरण राजकवी भा. रा. तांबे ह्यांचे आहे. तांबे 1873 साली ग्वाल्हेर संस्थानातील मुंगावलीला जन्मले. इंदूरपासून हाकेच्या अंतरावरील देवासला त्यांचा तरुणपणचा काळ गेला, आणि पुढचे आयुष्य मध्य भारतातील संस्थानी नोकऱ्यांत. महाराष्ट्राच्या वाङ्मयीन वर्तुळापासून इतक्या दूर बसलेल्या ह्या कवीची कविता मराठी घराघरांत पोहोचली ती कशी? त्यांचा पहिला संग्रह 1920 साली निघाला तो वा. गो. मायदेव ह्यांच्या संपादनाने. दुसरा भाग 1927 चा. आणि 1935 साली, म्हणजे कवीने साठी ओलांडल्यावर, ‘तांबे यांची समग्र कविता’ सिद्ध केली ती माधव जूलियन ह्यांनी. वीस वर्षांनी लहान, फारसीचे जाणकार, भाषाशुद्धीविषयी कमालीचे कडक आणि स्वतः वेगळ्या वळणाची कविता लिहिणारे असे हे संपादक. दुसऱ्या वर्षी जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद ज्यांच्याकडे आले, त्या कवीने आपल्या स्वतःच्या लेखनातला वेळ काढून एका वडीलधाऱ्या कवीच्या ओळी जुळवल्या. हा सत्कार शालीने झाला नसता.

ह्यातील एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. माधव जूलियन 1939 साली, वयाच्या अवघ्या शेहेचाळिसाव्या वर्षी गेले. तांबे 1941 साली. ज्याने संपादन करायचे तो धाकटा आधी गेला आणि ज्याच्यासाठी करायचे तो वडील मागाहून. ‘पंचाहत्तरीला पाहू’ असे कोणी म्हटले असते तर ना संपादक उरला असता ना कवी. तांब्यांची पंचाहत्तरी आलीच नाही. लताबाईंच्या आवाजात तांब्यांची गीते आज आपण ऐकतो तेव्हा त्या सुरांमागे एका संपादकाने वेळेवर केलेले काम आहे, ह्याची जाणीव थोड्यांनाच असते. मंगेशीच्या मंगेशकरांनी ती गीते गायिली आणि आमच्या बोरकरांनी तांब्यांचा वारसा मानून आपली कविता फुलविली. माळव्याचे हे ऋण गोमंतकावरही आहेच.

उशिराची किंमत काय असते, हे इंदूरशी नाते असलेल्या दुसऱ्या एका घराण्याने दाखविले आहे. गजानन माधव मुक्तिबोध हे घरात मराठी बोलणारे आणि कागदावर हिंदी लिहिणारे कवी इंदूरच्या होळकर कॉलेजातून 1938 साली पदवीधर झाले. तरुणपणी 1943 साली ‘तार सप्तक’ ह्या संग्रहात सात कवींनी सहकाराने आपल्या कविता एकत्र छापल्या. ह्या सातांत मुक्तिबोध आणि प्रभाकर माचवे असे दोघे मराठी घरांतले. मित्रांनी मिळून काढलेल्या त्या एका पुस्तकाने हिंदी कवितेचे वळण बदलले. पण पुढच्या वीस वर्षांत मुक्तिबोधांचा स्वतःचा असा एकही कवितासंग्रह निघाला नाही. 1964 च्या आरंभी त्यांना पक्षाघात झाला. स्नेही धावले, त्यांना भोपाळहून दिल्लीला नेले, कवितांची हस्तलिखिते जुळवली. त्या धावपळीत मैत्रीची कसूर मुळीच नव्हती. 11 सप्टेंबर 1964 रोजी कवी गेला आणि ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा संग्रह त्यांच्या मागे प्रसिद्ध झाला. सत्तेचाळीस वर्षेही पूर्ण न केलेल्या माणसाला म्हातारा कोण म्हणेल? परंतु आपल्या कवितांचे पुस्तक हाती धरण्याचे सुख त्यांना मिळाले नाही, आणि ते देणे अशक्य होते असेही नाही. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र 1921 साली इंदुरातच जन्मले. ते मराठीत लिहीत राहिले. त्यांची ‘नवी मळवाट’ 1949 मध्ये आली, आणि ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ ह्या ग्रंथाला 1979 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एका घरातील दोन भाषांचे दोन भाऊ. एकाला आपल्या कवितांची पुस्तके पाहता आली, दुसऱ्याला नाही.

स्नेह्यांच्या हातून निघालेल्या ग्रंथांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. मित्र निवड करत नाहीत, सरसकट छापतात; चांगल्याबरोबर सुमारही जपतात, असे म्हटले जाते. आक्षेप खोटा नाही. भिडेपोटी छापलेल्या कवितांनी लेखकाचा मान वाढत नाही, कमीच होतो, आणि अर्पण म्हणून मित्रांनी स्वतःची पडीक रचना त्यात घुसडली तर तो दुसरा अपराध. पण ह्यावर उपाय ग्रंथ न काढणे हा नव्हे. कडक संपादक नेमणे हा आहे, आणि शक्यतो तो लेखकाच्या बैठकीतला नसावा. ज्या मित्रांना स्वतःचे काही अर्पण करायचे असेल त्यांनी आपली सर्वांत ताजी व सर्वांत चांगली कथा द्यावी, कविता द्यावी, चित्रकाराने चित्र द्यावे. वयोवृद्ध लेखकाला आपल्यामागून कोणी तरी लिहीत आहे हे पाहण्याचा जो आनंद होतो, तो स्वतःवरचा लेख वाचून होत नाही. अर्थात स्वतःवरचा लेखही त्याला नकोसा असतो असे नाही. लेखकाचा स्वभाव आम्हांस ठाऊक आहे!

गोमंतकीय वाचकाला हे सारे परके वाटू नये. पोर्तुगीज अमलाखाली 1930 साली मडगावला वामन मल्हार जोशी ह्यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले, तेव्हा येथील मराठी लेखकाची अवस्था इंदूरच्या लेखकाहून बरी नव्हती. उलट शासनाची भाषाच वेगळी होती. येथील कितीतरी नाट्यसंहिता, कीर्तनांची टिपणे, पदे आणि कविता मंडळांच्या व मित्रांच्या खिशातल्या पैशांवर छापल्या गेल्या. ज्या छापल्या गेल्या नाहीत त्या आता कोणाला दाखवता येणार नाहीत. मुक्तीनंतर 1964 साली शिरवाडकरांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा मडगावला संमेलन झाले, पुढे अकादम्या आल्या, अनुदाने आली. त्यांचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. मात्र अनुदानाची फाइल ज्या गतीने सरकते, त्या गतीने ऐंशी वर्षांच्या माणसाचे आयुष्य थांबून राहत नाही.

इंदूर असो, फोंडे असो वा मडगाव, पुढच्या वेळी एखाद्या वयोवृद्ध लेखकाच्या सत्कारासाठी समिती बसेल तेव्हा तिने सभागृहाचे आरक्षण आणि पाहुण्यांची यादी जरा मागे ठेवावी. वर्गणीतून जमणाऱ्या पहिल्या पैशांतून मराठी हस्ताक्षर वाचू शकणारा एक तरुण नेमावा आणि त्याला दोन-तीन महिने लेखकाच्या घरी वह्या उतरवून घेण्यासाठी बसवावे. कोणती कविता कोणत्या अंकात आली, कोणता पाठ नंतर बदलला, खोडलेला शब्द कोणता आणि ठेवलेला कोणता, हे विचारायला तोवर समोर लेखक आहे.