डेक्कन क्वीनला केक, आल्कोला भंगाराचा काटा

मागच्या मे महिन्यात आटगाव आणि खर्डीच्या मध्ये, रेल्वेच्या हद्दीबाहेरच्या एका बांधावर मी अडीच तास बसलो होतो. ब्लॉक चालू होता. वरच्या तारांमधला प्रवाह बंद असला की विजेचं इंजिन मुकाट उभं राहतं आणि खडीची गाडी ओढायला डिझेलच लागतं. त्याचीच मी वाट बघत होतो. शेळ्या घेऊन चाललेले एक बाबा थांबले. "कोन येनार हाय? मंत्री?" म्हटलं, "नाही बाबा, इंजिन. मालगाडीचं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हातातल्या मोबाईलकडे पाहिलं आणि शेळ्यांच्या मागे निघाले.

मी मुरबाडचा. आमच्याकडे रेल्वे नाही. कल्याण-मुरबाड लोहमार्गाच्या घोषणा ऐकत माझ्या आधीची पिढी म्हातारी झाली. इंजिन बघायचं तर बाईकला किक मारायची, सरळगाव, किन्हवली करत शहापूर गाठायचं आणि पुढे आसनगाव. एवढं करून बघायचं काय, तर मालगाडीचं जुनं डिझेल. घरचे विचारतात, वंदे भारतचा तरी व्हिडिओ काढ, चार लोक बघतील. हा लेख त्या चार लोकांसाठी आहे.

तुम्ही ज्याला 'जुना डबडा' म्हणता त्याची कुळी ऐका. 1962 मध्ये अमेरिकेतल्या आल्को कंपनीकडून डब्ल्यूडीएम-2 जातीची पहिली इंजिनं भारतात आली, 2600 अश्वशक्तीची. जानेवारी 1964 मध्ये वाराणसीच्या कारखान्यातून पहिलं इंजिन बाहेर पडलं. 1969 मध्ये आल्कोने स्वतःचंच दुकान बंद केलं. मूळ मालक गेला, पण वाराणसीच्या कामगारांनी तोच आराखडा पुढे कित्येक दशकं घडवला, सुधारला. एकट्या डब्ल्यूडीएम-2 ची संख्या अडीच हजारांवर गेली. 1995 पासून त्याच घराण्यातलं, खास मालगाडीसाठी केलेलं डब्ल्यूडीजी-3ए आलं, 3100 अश्वशक्तीचं. त्यातला 'जी' म्हणजे गुड्स.

आणि तो काळा धूर! चालकाने नॉच वाढवला की डिझेल लगेच आत जातं, पण टर्बो गती घ्यायला वेळ लावतो. तेवढ्या वेळात हवा कमी पडते आणि अर्धवट जळलेलं इंधन ढगासारखं बाहेर येतं. आम्ही वेडे त्यावर टाळ्या वाजवतो. तो धूर कुणाच्या तरी फुफ्फुसात जातो, हे मला कळतं. विजेच्या विरोधात मी नाहीच. कसारा घाटाला 37 ला 1 चा चढ आहे. तो उतरताना आजचं विजेचं इंजिन ब्रेक लावतं तेव्हा वीज तारेत परत जाते. डिझेल तीच ताकद गरम हवा करून उडवून देतं. धंद्यात विजेने डिझेलला हरवलं, आणि बरं झालं.

माझं भांडण आठवणीबद्दल आहे. डेक्कन क्वीन 1 जून 1930 ला सुरू झाली आणि तिच्या वाढदिवसाला पुणे स्टेशनवर केक कापतात. कापा, मला राग नाही. पण राणीच्या डब्यात बसणाऱ्यांना लिहिता येतं, पेपरात फोटो देता येतो. मालगाडीत बसतो गहू, कोळसा, सिमेंट, युरिया. युरियाची गोणी आत्मचरित्र लिहीत नाही. मुरबाडला स्टेशन नसलं तरी मालगाडीने आणलेलं काही ना काही आमच्या प्रत्येक घरात पोचतंच. शहापूरकरांना हे वेगळं समजवायला नको. भातसा, तानसा त्यांच्या तालुक्यात, पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर. ओझं वाहणाऱ्याचं नाव पाटीवर येत नाही.

रेल्वेच्या हिशेबात डिझेल इंजिनाचं आयुष्य 36 वर्षांचं. विद्युतीकरणाच्या झपाट्यात कित्येक इंजिनं त्याआधीच बाजूला निघाली. जुलै 2020 मध्ये आल्को घराण्यातली दहा इंजिनं बांगलादेशाला दिली. ती सुटली म्हणायची. बाकीच्यांच्या नशिबी किलोवर विक्री. एखाद्याला रंग फासून कचेरीबाहेर उभं करतात, शेजारी सेल्फी पॉइंट. पेंढा भरलेला वाघ जंगल सांगतो का? याच घाटात मालगाड्या ओढणारं विजेचं 'खेकडा' इंजिन दिल्लीच्या संग्रहालयात जपलंय. ते दिसतं. त्याचा आवाज मात्र माझ्या पिढीला मिळाला नाही.

आता आपल्याच मंडळींना दोन शब्द. आपण इंजिनाचा नंबर, शेड, रंग तोंडपाठ सांगतो. रीलसाठी काही शहाणे रुळांवर उभे राहतात, मग आपण सगळेच हाकलले जातो. पण नुसत्या कानाने कुठला सिलिंडर बिघडलाय ते ओळखणारा फिटर निवृत्त होतो, तेव्हा त्याच्याकडे फोन घेऊन कोण गेलं? मीही गेलो नाही.

कल्याणच्या डिझेल शेडने एक मालवाहू आल्को चालू स्थितीत ठेवावं. वर्षातून एकदा, पाऊस संपल्यावर, मागे खरे वॅगन जोडून कसाऱ्यापर्यंत आणावं. त्याच्या दुरुस्तीवर जुन्या हातांखाली आयटीआयची पोरं बसवावीत. पैसे कोण देणार, म्हणता? नेरळ-माथेरानची गाडी 1907 पासून आहे, ती काय नफा मोजून जपली?

तर त्या दिवशी खडीची गाडी आली. आधी आवाज, मग ढग, मग ते. मी मोबाईल वर धरला, शेळ्या उधळल्या. बाबा परत आले, कपाळावर हात धरून बघत राहिले.

"ह्यो खडीवाला हाय," म्हणाले. "आदी सांगायचास ना."