अठरावं लागलं, चालते व्हा!

आतड्याच्या जुनाट आजाराचं मूल मोठ्यांच्या डॉक्टरांकडे सोपवण्याची आपल्याकडे एकच पद्धत आहे: फाइल हातात द्यायची आणि 'आता मोठी झालीस' म्हणायचं. कुणाकडे जायचं, काय सांगायचं, हे पेशंटनं बघून घ्यावं. बऱ्याच सरकारी रुग्णालयांत तर बारा पूर्ण झाली की बालरुग्ण विभागाचं दार बंद. मिसरूडही न फुटलेला पोरगा मग मोठ्यांच्या वॉर्डात, दारूनं यकृत सुजलेल्या काकांच्या शेजारच्या खाटेवर.

मला क्रोन्स झाला तेव्हा मी शाळेत होते, त्यामुळे या विषयावर तोंड सोडायचा हक्क मला आहे. क्रोन्स काय, अल्सरेटिव्ह कोलायटिस काय, जन्मभराला चिकटणारे आजार. वाढदिवसाचा केक कापला म्हणून आतड्याची सूज उतरत नाही. उलट हिशोब बघा. कोलायटिस मोठ्या आतड्यात बराच पसरलेला असेल तर आठएक वर्षांनी कर्करोगाच्या तपासणीसाठी स्कोपी सुरू करायची असते. दहाव्या वर्षी आजार झालेल्या मुलाची ती वेळ अठराव्या वर्षी येते. म्हणजे ज्या वर्षी ही तपासणी सुरू व्हायची, नेमका त्याच वर्षी त्याचा डॉक्टर सुटतो.

औषधांचंही तेच. अॅझाथायोप्रिन घेणाऱ्याच्या पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून रक्त नियमित तपासावं लागतं. इन्फ्लिक्सिमॅब साधारण दर आठ आठवड्यांनी शिरेतून जातं. नव्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत डोस चुकले, तर शरीर त्या औषधाविरुद्धच प्रतिपिंडं तयार करू शकतं आणि महागडं औषध कायमचं निकामी होऊ शकतं. शिवाय आपल्या देशात क्रोन्स आणि आतड्याचा टीबी एकमेकांसारखे दिसतात, त्यामुळे कित्येक मुलांना आधी टीबीच्या गोळ्या मिळालेल्या असतात. हा इतिहास नीट लिहून पुढे गेला नाही, की नवे डॉक्टर पुन्हा पहिल्या पायरीवर: 'टीबी नाही ना?'

बालरोगवाल्यांची माया मला मान्य आहे. पण ती आयांशी बोलते, मुलांशी नाही. आणि आपल्या आया! 'डॉक्टर, आम्हाला कालपासून पुन्हा जुलाब लागलेत.' आम्हाला? संडासात बसतंय कोण? बाबा फाइल धरणार, आई लक्षणं सांगणार, मूल मोबाइलमध्ये. सतराव्या वर्षी त्याला स्वतःच्या औषधाचं नाव विचारा: 'ती पिवळी गोळी.' मुलगी असेल तर आणखी एक पथ्य, आजाराचं नाव चारचौघांत काढायचं नाही, लग्न व्हायचंय! पण दिवस राहण्याआधी आजार शांत हवा, मेथोट्रेक्सेट चालू असेल तर ते बरंच आधी थांबवावं लागतं, हे तिला कुणी सांगायचं? वरपक्षानं?

मोठ्यांचे डॉक्टर तर पाच मिनिटांचे धनी. पहिल्याच भेटीत मला आईदेखत विचारलं गेलं, 'सिगारेट?' प्रश्न रास्त आहे, धूम्रपानानं क्रोन्स बळावतो. पण आईसमोर त्याचं खरं उत्तर देणारं मूल महाराष्ट्रात अजून जन्माला यायचंय.

ब्रिटनमध्ये नाइस या संस्थेनं २०१६ साली मुलांना मोठ्यांच्या डॉक्टरांकडे सोपवण्याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. तयारी तेराव्या-चौदाव्या वर्षापासून, जबाबदारी नाव ठरलेल्या एका माणसाकडे, मोठ्यांच्या डॉक्टरांशी भेट हस्तांतराच्या आधी. तिथंही सगळं कागदाबरहुकूम होतं असं नाही. पण कागद तरी आहे.

हे ऐकलं की आपल्याकडचं ठरलेलं उत्तर येतं: 'इतके पेशंट, वेळ कुठाय?' अहो, मी मागतेय काय? एक पान. आजार कधी कळला, आतड्याच्या कुठल्या भागात आहे, कोणती औषधं दिली, कोणती का बंद केली, ऑपरेशनं, लसी, शेवटची स्कोपी. शक्य असेल तिथं जुने आणि नवे डॉक्टर एकदा एकत्र बसावेत. आणि तेराव्या वर्षापासून प्रत्येक भेटीत दहा मिनिटं पालक बाहेर. याला ना मशीन लागतं, ना नवी इमारत. तरी होत नाही, कारण स्कोपीचं बिल होतं, इन्फ्युजनचं बिल होतं, पोराशी बोलण्याचं होत नाही.

डॉक्टर सुधारतील तेव्हा सुधारतील. पोरांनो, तोवर ते पान तुम्हीच मागा. मिळेपर्यंत खुर्ची सोडू नका. आणि आईबाबा, पुढच्या वेळी डॉक्टरांनी 'पोट कसं आहे?' विचारलं की तोंड मिटून बसा. पोट तुमचं नाही.