तारुण्याची गोळी गिळण्याआधी पाकीट उलटून वाचा : ज्येष्ठ नागरिक व कुटुंबीयांना तातडीचे आवाहन

ज्येष्ठ नागरिकहो, आणि त्यांना घरपोच गोळ्या मागवून देणाऱ्या मुला-मुलींनो,

वय थोपवायचे म्हणून कोणी स्वतःच्या मनाने अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेत असेल, तर त्या बंद करा. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी किंवा पूर्वी ओढलेल्यांनी तर हे काम उद्यावर टाकू नये. या गोळ्यांनी म्हातारपण पुढे जाते, हे माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांत सिद्ध झालेले नाही. त्यांतल्या काही गोळ्यांनी मृत्यू वाढल्याचे मात्र दिसले आहे.

मूळ कल्पना भोंदूगिरीची नव्हती. पेशींत तयार होणारे फ्री रॅडिकल्स पेशींची मोडतोड करतात आणि त्यातून वार्धक्य येते, असा सिद्धान्त अमेरिकेतील डेनहॅम हार्मन यांनी १९५६ मध्ये मांडला. या फ्री रॅडिकल्सना निष्प्रभ करणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. भाज्या-फळे भरपूर खाणाऱ्यांत कर्करोग कमी आढळत होता. मग त्यांतले बीटा कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट गोळीतून दिले तर? तर्क बिनतोड वाटला, म्हणून तो तपासायचे ठरले.

फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर पाच ते आठ वर्षे चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा संशोधकही चक्रावले. रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला, मृत्यू ८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेत १८ हजारांहून अधिक धूम्रपान करणारे, ते सोडलेले आणि ॲस्बेस्टॉसचे कामगार यांना बीटा कॅरोटीन व ‘अ’ जीवनसत्त्व एकत्र दिले जात होते. ती चाचणी जानेवारी १९९६ मध्ये, मुदतीच्या २१ महिने आधीच थांबवावी लागली. तिथे फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्क्यांनी आणि मृत्यू १७ टक्क्यांनी वाढले होते. पुढे ३५ हजारांहून अधिक निरोगी पुरुषांच्या चाचणीत रोज ४०० आययू (आंतरराष्ट्रीय एकके) ‘ई’ जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त आढळला. २०१२ मध्ये वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने ७८ चाचण्या, म्हणजे २,९६,७०७ माणसे, एकत्र तपासली. आयुष्य वाढल्याचा पुरावा त्यांतही मिळाला नाही.

असे का व्हावे? विक्रेते सांगतात, लोखंड गंजते तसे शरीर गंजते आणि गोळी तो गंज रोखते. पण शरीर म्हणजे लोखंडी फाटक नव्हे. हेच फ्री रॅडिकल्स वापरून पांढऱ्या पेशी जंतू मारतात, आणि व्यायामाचा निरोपही स्नायूंना त्यांच्यामार्फत पोचतो. जर्मनीतील एका छोट्या अभ्यासात, २००९ मध्ये, व्यायामाबरोबर ‘क’ आणि ‘ई’च्या मोठ्या मात्रा घेणाऱ्यांना व्यायामाने इन्सुलिनच्या कामात होणारी सुधारणा लाभलीच नाही. चालायला जायचे आणि घरी येऊन त्याचा फायदा गोळीने पुसायचा, असा हा प्रकार!

म्हणून कळकळीची विनंती :

१. पाकीट उलटा. पुढे ‘अँटी-एजिंग’ ठळक असेल. मागे बारीक इंग्रजी अक्षरांत ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी सूचना सापडेल. हेल्थ सप्लिमेंटवर ती छापणे आपल्याकडे बंधनकारक आहे. तिथेच बीटा कॅरोटीन, रेटिनॉल (‘अ’ जीवनसत्त्व), टोकोफेरॉल (‘ई’ जीवनसत्त्व) ही नावे आणि मात्रा शोधा.

२. तंबाखू ओढत असाल किंवा ओढली असेल, तर बीटा कॅरोटीनची गोळी घेऊच नका. गाजर, भोपळा, पालक खुशाल खा; धोका गोळीतल्या मोठ्या मात्रेत दिसला आहे.

३. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर ‘ई’च्या मोठ्या मात्रेने रक्तस्राव होऊ शकतो. किमो किंवा रेडिएशन चालू असेल तर कोणतीही अँटिऑक्सिडंट गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

४. डॉक्टरांनी निदान करून दिलेले बी-१२, लोह किंवा अन्य औषध परस्पर बंद करू नका. वयोमानाने होणाऱ्या दृष्टिपटलाच्या झिजेत ठरावीक मिश्रणाचा उपयोग सिद्ध झालेला आहे. त्यातही बीटा कॅरोटीन नसलेले मिश्रण आहे का, हे नेत्रतज्ज्ञांना विचारा.

५. अमेरिकेहून येताना आई-बाबांसाठी ‘ई ४००’च्या बाटल्या आणू नका. त्यांच्या चालू औषधांची यादी घेऊन एकदा त्यांच्या डॉक्टरांना भेटा.

६. ज्येष्ठ नागरिक संघांनी मोफत तपासणीच्या नावाखाली गोळ्या विकणाऱ्यांना सभागृह देऊ नये. औषध दुकानदारांनीही ‘ताकदीचं काहीतरी द्या’ म्हणणाऱ्याला अशी बाटली पुढे करू नये.

तंबाखू सोडणे, रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवणे, रोज चालणे, ताटात भाजी-फळे असणे यांचा फायदा पक्का आहे. तरीही कोणी तारुण्याची गोळी घेऊन दारात आलाच, तर त्याला तीन प्रश्न विचारा : ही कोणत्या चाचणीत तपासली? किती माणसांवर? त्यांतली किती जास्त वर्षे जगली? उत्तर मिळेपर्यंत पैशांच्या पाकिटाला हात लावू नका.