नोड, लोकल आणि माझे ५००० सॅट

परवा भाच्याचा पुण्याहून फोन. "मामा, पाच हजार सॅट पाठवतोय, पण जातच नाहीयेत. रस्ता सापडत नाही म्हणतंय." (एका बिटकॉइनचे दहा कोटी सॅट होतात, म्हणजे प्रकरण तीन-चारशे रुपयांचं.) इकडे भाईंदरला आमच्या टीव्हीमागे माझा लायटनिंग नोड मजेत दिवे लुकलुकवत बसलेला. सहा चॅनल, सहाही चालू. मग अडलं कुठे?

अडलं माझ्या उत्साहात. चॅनल म्हणजे दोघांनी मिळून दोन कुलपं लावलेली पेटी. आत एकूण किती आहे ते ठरलेलं, त्यातलं माझं किती आणि समोरच्याचं किती एवढंच बदलत राहतं. मी सहाही पेट्या स्वतःच्याच पैशांनी भरल्या होत्या. समोरच्यांकडे मला द्यायला काही नव्हतंच, तर भाच्याचे पैसे माझ्यापर्यंत आणून देणार कोण?

आपली सकाळची लोकल आठवा. चर्चगेटकडे पाय ठेवायला जागा नाही आणि उलट्या दिशेला डबे रिकामे. रूळ आहेत, गाड्या आहेत, जागा मात्र हव्या त्या दिशेला नाही. म्हणून तर मीरा रोडची मंडळी आधी उलटी भाईंदरला येतात आणि सीट पकडून बसून जातात. नोडवाल्यांचंही असंच असतं. भरलेल्या चॅनलमधून पैसे बाहेर पाठवायचे आणि गोल फिरवून आपल्याच रिकाम्या चॅनलमध्ये परत आणायचे. मीरा रोडवाल्यांना पास भाईंदरपासूनचा काढावा लागतो, इथे वाटेतल्या नोडना फी द्यावी लागते.

तरी माझ्या मते हे फिरवणं हा खरा उपाय नाही. माझं एकूण येणंच शून्य होतं, ते फिरवून वाढणार कसं? उपाय साधा होता. एका ओळखीच्या नोडवाल्याला त्याच्या पैशांनी माझ्याकडे चॅनल उघडायला सांगितलं. आणि माझी लाख-लाख सॅटची चार फुटकळ चॅनल बंद करून एक मोठं उघडलं, कायम चालू असणाऱ्या नोडशी. पाठवणाऱ्याला चॅनलची फक्त एकूण रक्कम दिसते, ती कोणत्या बाजूला आहे ते दिसत नाही. त्यामुळे त्याचा नोड एकेक रस्ता चाचपडत जातो. लहान चॅनल म्हणजे चाचपडण्यात आणखी भर. फोरमवर वीस-वीस चॅनलच्या बढाया वाचून मीही फसलो होतो. असो.

खरा घाम फुटला तो मागच्या पावसाळ्यात. वीज गेली, आली, पुन्हा गेली आणि नोडचं मेमरी कार्ड मेलं. माझ्याकडे महिन्याभरापूर्वीची अख्खी कॉपी होती, ती टाकायला निघालो तर भाचा फोनवर ओरडलाच! मधल्या काळात हिशोब बदललेला असतो. जुना हिशोब ब्लॉकचेनवर गेला तर समोरचा त्याला लबाडी धरून चॅनलमधली सगळी रक्कम उचलू शकतो. नियमच तसा आहे, आणि तो बरोबरच आहे. नशिबाने चॅनलची वेगळी छोटी बॅकअप फाइल होती. तिच्यावरून चॅनल बंद करून घेतली आणि पैसे परत आले, थोडी फी गेली. आता कार्डाऐवजी एसएसडी आहे, आणि इन्व्हर्टरवर पंख्याआधी नोड आणि राउटर. (यावरून घरात जे ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही.)

भाजीवाल्याला मी यूपीआयनेच पैसे देतो. २०१६ पासून ते आहे आणि झकास चालतं. शिवाय एप्रिल २०२२ पासून बिटकॉइनच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, म्हणजे कोथिंबिरीच्या जुडीचाही हिशोब ठेवायचा! पण तिथे पैसे अडकले की मी वाट बघतो, आणि इथे अडकले की कारण बहुतेक वेळा माझ्याच टीव्हीमागे सापडतं. मला हे आवडतं. बायकोला नाही.

भाच्याचे पाच हजार रात्री साडेदहाला आले. लगेच त्याचा मेसेज, "मामा, आता परत पाठवून बघ."