अधीक्षक कोण, हे जिल्ह्याने विचारावे

मुरबाड-शहापूर पट्ट्यातल्या एखाद्या घरातला कर्ता मुलगा अटकेत गेला की त्या घराला दोन नवे पत्ते पाठ होतात. एक कल्याणच्या आधारवाडी तुरुंगाचा, दुसरा ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहाचा. धसईहून निघालेली आई सकाळच्या एसटीने मुरबाड गाठते, तिथून कल्याण. पिशवीत आधार कार्ड, केस नंबर लिहिलेला कागद आणि मुलाचे धुतलेले कपडे. मुलाकात काही मिनिटांची. दिवाळीचा फराळ आत जाईल की गेटवरूनच परत येईल, सुट्टीत मुलाकात बंद राहणार का, मनीऑर्डर मुलाच्या नावावर जमा झाली का, या सगळ्याचे उत्तर ज्या यंत्रणेकडून मिळते तिचा प्रमुख म्हणजे तुरुंगाचा अधीक्षक. तो आधी कुठे होता, तिथला त्याचा कारभार कसा होता, इथे त्याला का पाठवले, हे विचारायची सोय ठाणे जिल्ह्यात कुठल्याही सभागृहात नाही. तुरुंग हा राज्याच्या यादीतला विषय. गृहखात्याचा आदेश निघतो आणि एक अधिकारी जाऊन दुसरा येतो.

अमेरिकेत आपल्या जिल्ह्यासारखा जो घटक आहे, त्याला काउंटी म्हणतात. तिथले तुरुंग बहुतेक ठिकाणी काउंटीच चालवते आणि काही काउंट्यांत तुरुंगाच्या प्रमुखाच्या नेमणुकीला निवडून आलेल्या सदस्यांची मंजुरी लागते. सदस्य उघड बैठकीत त्या उमेदवाराला प्रश्न विचारतात, लोक ऐकतात, मग मतदान होते. ओहायो राज्यातल्या कायहोगा काउंटीचा अनुभव लक्षात ठेवण्यासारखा आहे. क्लीव्हलंड शहर याच काउंटीत येते. तिथल्या तुरुंगात २०१८ या एका वर्षात आठ कैदी दगावले आणि अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या मार्शल सेवेने आपल्या अहवालात तिथली परिस्थिती अमानुष ठरवली. त्याच वर्षी काउंटी कौन्सिलने तुरुंग संचालकाला परिचारिकांच्या रखडलेल्या भरतीबद्दल विचारले होते. भरती आपण अडवली नाही, असे त्याने सांगितले. ते उत्तर खोटे असल्याचा आरोप ठेवून पुढे त्याच्यावर खटला चालला. निवडून आलेल्यांनी प्रश्न विचारला होता आणि उत्तराची नोंद झाली होती, म्हणूनच ते उत्तर नंतर तपासता आले.

आपल्याकडे अशी चर्चा अगदीच परकी आहे असे नाही. जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला सरकार नेमते, पण त्याच्यावर अविश्वास ठराव आणायचा अधिकार सदस्यांना कायद्यानेच दिला आहे. महापालिका आयुक्तांचेही तसेच. २५ ऑक्टोबर २०१६ रोजी नवी मुंबई महापालिकेने आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावर अविश्वास ठराव प्रचंड बहुमताने मंजूर केला. राज्य सरकारने त्यांना तेव्हा हलवले नाही. पुढे मार्च २०१७ मध्ये त्यांची बदली पुण्याला पीएमपीएमएल या बससेवेच्या कारभारासाठी झाली. अनुसूचित क्षेत्रात तर पेसा कायदा याहून पुढे जातो. सामाजिक क्षेत्रातल्या संस्था आणि त्यांचे कर्मचारी यांच्यावर ग्रामसभेचे व पंचायतीचे नियंत्रण असावे, असे तो सांगतो. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग याच क्षेत्रात येतो. शाळेत न येणाऱ्या गुरुजींबद्दल आणि बंद उपकेंद्राबद्दल इथल्या ग्रामसभा बोलतात. त्याच गावांतली माणसे तुरुंगात बंद असतात तेव्हा मात्र सगळी सभागृहे गप्प असतात.

नवी मुंबईचा दाखला उलट बाजूनेही वाचायला हवा. कडक अधिकारी नकोसा झाला की स्थानिक पुढारी एकत्र येतात, ही भीती खोटी नाही. तुरुंगात तर ज्यांचे हितसंबंध असतात त्यांचे हात लांबवर पोचलेले असतात. त्यामुळे अधीक्षक ठेवायचा की काढायचा हा अधिकार नगरसेवकांच्या किंवा जिल्हा परिषद सदस्यांच्या हाती द्यावा, असे या अंकाचे म्हणणे नाही. नेमणूक सरकारनेच करावी. पण नेमलेल्या माणसाने रुजू झाल्यावर जिल्ह्यासमोर बसून प्रश्नांना उत्तरे द्यावीत आणि ती लिहून ठेवली जावीत, एवढी मागणी रास्त आहे.

कारण या एका खुर्चीवर आता फार मोठा भार आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ पाहा. आधी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला बंधपत्रावर सोडावे, असे ते सांगते. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक गुन्हे किंवा खटले प्रलंबित असलेले आरोपी यात येत नाहीत. साध्या चोरीला कमाल तीन वर्षांची शिक्षा आहे. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच अशा केसमध्ये अडकलेला पोरगा एक वर्ष आत राहिला की त्याच्यासाठी न्यायालयात अर्ज गेला पाहिजे. तो अर्ज करायचा कुणी? कायद्याने ते काम तुरुंग अधीक्षकावर टाकले आहे, आणि ते त्याने ताबडतोब करायचे आहे. २३ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम जुन्या खटल्यांनाही लागू केले. ज्याच्या घरी वकिलाला द्यायला पैसे नाहीत, जामीनदार मिळत नाही, ऐपतीचा दाखला आणायला तहसीलच्या पायऱ्या कुणी चढायच्या हा प्रश्न आहे, अशा कातकरी किंवा ठाकर कुटुंबाचा मुलगा बाहेर येणार की आणखी एक दिवाळी बराकीत काढणार, हे अधीक्षक आपले रजिस्टर किती नेमाने उघडतो यावर ठरते. जामीन मंजूर होऊनही पैशांअभावी आत राहिलेल्या गरीब कच्च्या कैद्यांसाठी केंद्राने २०२३ मध्ये ४०,००० रुपयांपर्यंत मदतीची योजना आणली. त्या योजनेच्या जिल्हा समितीवरही तुरुंगाचा अधिकारी असतो.

आकडे पाहिले की घाई कशाची हे कळते. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांतली ४,३४,३०२ कच्ची, म्हणजे दर चारांतल्या तिघांवर गुन्हा शाबीत झालेला नव्हता. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेल्या आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकलेल्या किल्ल्यात ठाण्याचे कारागृह आहे. त्याची अधिकृत क्षमता १,१०५. प्रत्यक्षात कित्येक वर्षे तिथे त्याच्या तिपटीहून जास्त माणसे राहत आली आहेत. झोपायला पाळी लावावी लागते अशा बराकीत चांगला आणि वाईट अधिकारी यांतला फरक रोज भोगावा लागतो. २३ जून २०१७ रोजी भायखळ्याच्या तुरुंगातल्या एका महिला कैद्याचा मृत्यू झाला. रेशनमधली अंडी आणि पाव कमी भरल्याची तक्रार केली म्हणून तिला मारहाण झाली, असा आरोप आहे. तुरुंगाच्याच सहा महिला कर्मचाऱ्यांना अटक झाली.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाचे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. १९३९ मध्ये औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्याने कारभार गावपंचायतींच्या हाती दिला. त्याच वर्षी आटपाडीजवळ, मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरच्या पुढाकाराने, स्वतंत्रपूर ही भिंतींविना कैद्यांची वसाहत उभी राहिली. शिक्षा झालेली माणसे तिथे शेती करत आणि बायकामुलांसह राहत. ‘दो आँखें बारह हाथ’ हा व्ही. शांताराम यांचा १९५७ चा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. त्याची कथा गदिमांची. गावाकडे सत्ता सोपवणारा राजा आणि कैद्यांवर विश्वास टाकणारा तुरुंग एकाच संस्थानात, एकाच वर्षी उभे राहिले, हा योगायोग नसावा.

आज जिल्ह्याला तुरुंगात डोकावण्यासाठी एक अधिकृत दार आहे आणि ते म्हणजे अभ्यागत मंडळ. १८९४ च्या तुरुंग कायद्यापासून ही कल्पना चालत आली आहे. २०१६ च्या आदर्श तुरुंग नियमावलीनुसार या मंडळावर जिल्हा न्यायाधीश असतात. त्यांच्यासोबत जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक असतात. शिवाय तीन आमदार, त्यांत एक महिला, आणि दोन समाजसेवक, त्यांतही एक महिला, असावेत असे ती सांगते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनेक राज्यांच्या नियमावल्यांतली जातीवरून कामे वाटणारी कलमे रद्द केली. ती याचिका कल्याणच्या पत्रकार सुकन्या शांता यांची होती, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातून गेलेली. त्या निकालाने अभ्यागत मंडळ आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यांनी मिळून नियमित तपासणी करावी, असाही आदेश दिला.

नवा अधीक्षक रुजू झाला की महिन्याभरात त्याने या मंडळापुढे यावे. कलम ४७९ खाली किती अर्ज केले, किती बाकी आहेत, डॉक्टरांच्या किती जागा रिकाम्या आहेत, मुलाकातीची वेळ वाढवता येईल का, हे मंडळाने विचारावे. ते प्रश्न आणि उत्तरे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर लागावीत. यासाठी कायदा बदलावा लागत नाही, एक परिपत्रक पुरते.

वाचकांना या दिवाळीत एक विनंती आहे. फराळाच्या निमित्ताने आमदार, माजी सदस्य, कार्यकर्ते घरी येतील. ठाणे आणि कल्याणच्या तुरुंगांसाठी अभ्यागत मंडळावर कोण कोण आहेत, त्यांची शेवटची भेट कोणत्या तारखेला झाली आणि तिचा अहवाल कुठे वाचायला मिळेल, हे त्यांना विचारा. उत्तर मिळाले नाही तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात अर्ज टाका.