पिको २ घेतल्यावर सेन्सरचं रीडिंग उड्या मारायचं थांबेल का?

जास्त मेगापिक्सेल म्हणजे चांगला फोटो असं नसतं, हे फोन वापरणाऱ्या प्रत्येकाला आता माहीत आहे. मायक्रोकंट्रोलरच्या ‘बिट’चंही तसंच आहे.

रास्पबेरी पायने ऑगस्ट २०२४ मध्ये ५ डॉलरचा पिको २ बोर्ड आणला. तेव्हापासून प्रोजेक्ट करणारी मुलं मला विचारतात, जुन्या पिकोवर रीडिंग स्थिर राहत नाही, नवा घेऊ का? फक्त तेवढ्यासाठी घेऊ नका, असं माझं मत आहे.

१२ बिट, पण कागदावर

सेन्सरचं व्होल्टेज आकड्यात बदलणारा भाग म्हणजे एडीसी. पिकोचा एडीसी १२ बिटचा, म्हणजे ३.३ व्होल्टचे ४०९६ भाग. एक पायरी साधारण ०.८ मिलिव्होल्टची. पण जुन्या पिकोतल्या आरपी२०४० चिपच्या डेटाशीटमध्येच प्रत्यक्षात कामाचे बिट ८.७ दिलेत. म्हणजे पायऱ्या उरल्या चारशेच्या आसपास, प्रत्येकी जवळपास ८ मिलिव्होल्टची. एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर एका अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. त्यामुळे पाऊण अंशाचा फरक खरा की नॉइज, हे एका रीडिंगवरून कळत नाही.

नव्या चिपने काय सुधारलं?

जुनी चिप ५१२, १५३६, २५६० आणि ३५८४ या आकड्यांपाशी अडखळते. पिको २ मध्ये हा दोष काढलाय. कंपनीच्याच म्हणण्यानुसार फायदा सुमारे अर्ध्या बिटचा.

बराचसा नॉइज बोर्डाच्या पॉवर सप्लायमधून येतो. लोड कमी असला की सप्लाय वीज वाचवायच्या मोडमध्ये जातो आणि व्होल्टेजवर लहरी उठतात. एडीसी त्याच व्होल्टेजशी तुलना करून मोजतो, म्हणजे मोजपट्टीच हलते.

आधी हे करा

- जीपीआयओ २३ हाय करा. लहरी कमी होतात, वीज थोडी जास्त लागते. वायफायवाल्या पिकोवर ही पिन दुसऱ्या कामाला आहे, तिथे हे करू नका.
- सेन्सरचा ग्राउंड एजीएनडी पिनला जोडा.
- इनपुट आणि ग्राउंडमध्ये १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा.
- १६ रीडिंगची सरासरी घ्या. इकडेतिकडे उडणारा नॉइज साधारण चौपट कमी होतो. चिपचा मूळचा दोष मात्र सरासरीने जात नाही.

शेतातला पंप ओलाव्याच्या सेन्सरवर चालवत असाल, तर हे फारच महत्त्वाचं. रीडिंग मर्यादेपाशी हललं की मोटर सारखी चालू-बंद होते आणि जळू शकते. म्हणून कोडमध्ये चालू करायची मर्यादा वेगळी आणि बंद करायची वेगळी ठेवा.

नवा बोर्ड मागवण्याआधी एक चाचणी करा. दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलचं प्लस टोक इनपुटला आणि मायनस ग्राउंडला जोडून १०० रीडिंग घ्या. सेल स्थिर असतो, त्यामुळे आकडा जेवढा हलेल तेवढा नॉइज तुमच्या बोर्डाचा आणि वायरिंगचा. मग वरचे उपाय एकेक करून पुन्हा मोजा.